"अंगात कुठे आहे?" विचारणाऱ्या ताईंना

ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण तुमच्या सजगतेच्या ध्यानाच्या (माइंडफुलनेसच्या) आठ आठवड्यांच्या वर्गाला मी 'मन शांत करून घ्यायला' आले होते, आणि अजूनही लोक हीच अपेक्षा घेऊन येत असणार. म्हणून चारचौघांत लिहितेय.

पहिल्याच दिवशी श्वासाकडे लक्ष द्यायला बसलो आणि तिसऱ्या मिनिटाला मला संताप आला. कारण सांगण्यासारखं नाही. भाऊ वर्षभरापूर्वी काहीतरी बोलला होता, तेवढंच. मी ते वाक्य ढकलत राहिले आणि ते परत येत राहिलं. शेवटी तुम्हाला म्हटलं, "मला नाही जमत हे, डोक्यात नुसता राग आहे."

"डोक्यात राहू दे. अंगात कुठे आहे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. तुम्ही पुन्हा डोळे मिटायला लावलेत, तेव्हा लक्षात आलं की मी दातांवर दात आवळून बसलेय. उजव्या जबड्यातली कळ पार कानापर्यंत गेली होती. "सोडू का?" म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "घाई नको. किती घट्ट आहे ते तर बघा." बघता बघता जबडा सैल पडला, परत आवळला गेला, कान तापले आणि मग चक्क कंटाळा आला. रागाचाही कंटाळा येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथातली दोन बाणांची उपमाही तुमच्याकडूनच कळली. पहिला बाण दुखण्याचा, दुसरा त्या दुखण्यावरून होणाऱ्या तळमळीचा. माझा दुसरा बाण ठरलेला होता: "एवढं काय झालंय तुला, बाकीच्यांना जमतंच ना!" दिवसभरात हे वाक्य मनात किती वेळा येतं ते मोजा, म्हणालात. संध्याकाळपर्यंत वहीत सतरा रेघा. मला वाटलं, आता हे बंद कसं करायचं ते सांगाल. तर तुम्ही म्हणालात, "त्याच्याशीही भांडू नका. 'टोमणा आला' एवढंच म्हणा." वेडेपणा वाटला होता तेव्हा. पण असं नाव दिलं की ते वाक्य मी राहत नाही, माझ्यासमोर असलेलं काहीतरी होतं. हा फरक सांगून कळला नसता.

सगळ्यात मोठे आभार मात्र पाचव्या आठवड्यासाठी. छातीत धडधड वाढत चालली होती आणि मी हट्टाने 'बघत' बसले होते. तुम्ही जवळ येऊन हळूच सांगितलंत, "डोळे उघडा. पाय जमिनीला टेकलेत का, बघा. आज एवढं पुरे." थांबणंही यातच बसतं, हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं. नैराश्याची माझी ती तिसरी खेप होती. गोळ्या बंद करायचं माझ्या मनात आहे हे ओळखून तुम्ही डॉक्टरांना विचारायला लावलंत. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी सजगतेच्या वर्गाची ही पद्धत सुरू केली ती जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी, रुग्णालयाच्या आवारात. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या नैराश्यासाठी तिला वळण दिलं. हे सगळं सांगून तुम्ही म्हणाला होतात, "हे डॉक्टरांशी वैर धरून जन्मलेलं नाही." गोळ्या चालू राहिल्या. पुढे कमी झाल्या, त्याही डॉक्टरांच्याच सांगण्यावरून.

आता रोज बसते असं म्हटलं तर खोटं होईल. आठवड्यातून चारदा, कधी दहाच मिनिटं.

काल भावाचा फोन आला. नाव दिसताच जबडा आवळला, उजवीकडचाच. तेवढं जाणवलं आणि फोन घेतला. तो पुन्हा तसंच काहीतरी बोलला आणि मीही एक टोला हाणलाच. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य रात्रभर घोळवत बसले नाही. वहीत दोन रेघा मारल्या आणि झोपले.

तुमची,
मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसणारी