थिएटरातल्या फळ्यावर इंजेक्शनची वेळ लिहा

महोदय,

शस्त्रक्रिया लांबली की थिएटरबाहेर जीव टांगणीला लागतो. कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की खासगी, चंदगड-गडहिंग्लजहून आलेले नातेवाईक एकच विचारतात, ‘अजून किती वेळ?’ प्रश्न रास्त आहे. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, तासभर वेळ वाढला की जखमेत जंतुसंसर्गाची शक्यता सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे शंभरात दोघांना होणारा संसर्ग पावणेतीनांवर जातो. घबराट नको, पण दुर्लक्षही नको. पू झाला तर मुक्काम आठवडा-दहा दिवसांनीही लांबू शकतो.

रिट्रॅक्टरने (जखम उघडी धरणाऱ्या उपकरणाने) तासन्‌तास ताणलेल्या कडांना रक्त कमी पोचते, अंग गार पडते, हातमोज्यांना न दिसणारी भोके पडतात. आणि रक्तातले प्रतिजैविकाचे (अँटिबायोटिकचे) प्रमाण उतरते. नेमके हेच निसटते. संसर्ग टाळण्यासाठीचे सेफाझोलिन हे प्रतिजैविक चीर देण्याआधीच्या तासाभरात द्यायचे आणि शस्त्रक्रिया चालूच असेल तर चार तासांनी पुन्हा. हे चार तास पहिल्या इंजेक्शनपासून मोजायचे, चिरेपासून नव्हे. दीड लिटरहून जास्त रक्त गेले, तर त्याआधीही. (सेफ्ट्रायॅक्सोन हे दुसरे प्रतिजैविक शरीरात बराच वेळ टिकते, त्याला हा नियम नाही.) भूलतज्ज्ञ रक्तदाबात गुंतलेले, सिस्टरची पाळी बदललेली, पहिली वेळ केसपेपरच्या आतल्या पानावर; मग दुसरा डोस राहतो. पहिल्या डोसची वेळ आणि शेजारी पुढची वेळ थिएटरातल्या फळ्यावर ठळक लिहिली, तर खर्च खडूचाच.

गंमत म्हणजे, आत हा डोस चुकतो आणि बाहेर आठवडाभराच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर जखम शिवून झाली की प्रतिबंधासाठी पुढे प्रतिजैविक नको, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. फुटलेल्या अपेंडिक्सची गोष्ट वेगळी. तिथे संसर्ग आधीच असतो, तो उपचार. रुग्णाने मात्र गोळ्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

घाई करा, असा याचा अर्थ नाही. जुन्या शस्त्रक्रियेमुळे आतडी चिकटलेली असतील तर वेळ लागणारच. रुग्णाच्या हातात आहे ते आधीचे: साखर आटोक्यात आणणे, बिडी-सिगारेट किमान चार आठवडे सोडणे आणि आदल्या रात्री वस्तऱ्याने केस न काढणे. त्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच तर क्लिपरने, म्हणजे केस कापण्याच्या यंत्राने.

बराचसा संसर्ग घरी गेल्यावरच दिसतो. तीस दिवस, सांधा किंवा प्लेट बसवली असेल तर नव्वद दिवस लक्ष ठेवा: वाढती लाली, ठणका, पाणी किंवा पू, ताप. आणि ‘आंबट खाल्लं की टाके पिकतात’ म्हणून रुग्णाला पेजेवर ठेवू नका. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, अंडी, पचेल तर मटणही द्या.

– एक निवृत्त भूलतज्ज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर