खोपा बांधतो तो गडी!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या बालपानावरचा घरट्यांचा लेख वाचला. चित्रं छान, रंगीत. मजकूर मात्र कुणी डोळ्यांखालून घातला होता की नाही, शंका आहे. ‘नाग वारूळ बांधून राहतो’ म्हणे! बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यात, आणि हे आपल्याच पेपरात. ज्याला हात ना पाय, तो माती लिंपणार कशाने? वारूळ वाळवीचं. थुंकीत माती कालवून ती कणाकणानं चढवते. नाग नंतर येतो, आयत्या बिळावर.

ते एक वेळ सोडलं. पण ‘सुगरण मादी मोठ्या कष्टानं खोपा विणते आणि आत काजव्याचा दिवा लावते’ हे वाचून चहा गार झाला. आमच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला दर पावसाळ्यात खोपे लागतात. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे एकेचाळीस वर्षं बघते आहे. विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. उसाच्या पाल्याच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, टोक धरून उडतो की हातभर दोरी सोलून येते. आधी फांदीला गाठी, मग एक कडं, मग पोटाचा घुमट. तेवढं झालं की पंख फडफडवत मादीला बोलावतो. बाई येतात, आत शिरतात, चार काड्या ओढून बघतात. पसंत पडलं तर गडी पुढची नळी विणतो. नाही पडलं तर तो खोपा तसाच अर्धा लोंबकळतो. पंधरा-अठरा दिवसांचं काम. नाव बाईचं आणि राबतो गडी, असं एवढं एकच घर मी पाहिलंय. तेही तुम्ही उलटं छापलंत. आत मातीचे गोळे असतात ते खरं. काजवा मला अजून दिसायचा आहे.

खरा संताप पुढेच आहे. लेखाखाली चौकट: ‘मुलांनो, एखादं घरटं आणून वर्गात मांडा.’ ऐन श्रावणात! सोमवारी इथल्या एका शाळेतल्या बाईंनी तोच प्रकल्प दिला. संध्याकाळी शेजारचं पोरगं वेळूची आकडी घेऊन बांधावर हजर. मी धारेला बसले होते. ओरडेपर्यंत त्यानं चार खोपे ओढले. एक विहिरीत गेला. एक मी उचलला तर हाताला गार, ओलं लागलं. आत अंडी फुटली होती. दोन पांढरी टरफलं पाल्याला चिकटलेली. मादी वरच्या फांदीवर कितीतरी वेळ चिकचिक करत होती. पोराला काय बोलणार? ‘आजी, पेपरात आलंय’ म्हणालं आणि कात्रण दाखवलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पाखरांची अंडी-घरटी नासणं हीसुद्धा शिकार धरलीय. ती चौकट लिहिणाऱ्याला कुणीतरी वाचून दाखवा. घरटं बघायचंच असेल तर पोरांना दिवाळीनंतर आणा माझ्या बांधावर. पिल्लं उडून गेलेली असतात, रिकामे खोपे आपोआप खाली पडतात. हवे तेवढे न्या.

उरलेले दोन खोपे आता त्या शाळेच्या काचेच्या कपाटात आहेत, असं ऐकते. खाली चिठ्ठी लावलीय, ‘मादी सुगरणीने विणलेले घरटे’. चूक दुरुस्त करून छापाल तेव्हा कात्रण त्या बाईंकडे मीच नेऊन देईन. आतल्या पानाच्या कोपऱ्यात, जाहिरातीच्या बुडाशी छापू नका म्हणजे झालं. दिसायला हवं.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली

ता. क. शब्दकोड्याचं उत्तर गेले तीन रविवार छापलेलं नाही. आडवा शब्द क्रमांक ७ घेऊन आमचे हे रोज डोकं खातात.