लष्कराच्या तळावर बाजार दाखवा

महोदय,

गणेशोत्सवात पुण्यातील काही मंडळे पेशवाईतील लष्करी तळाचा देखावा उभारतात. हौस दांडगी, पण तपशिलात घोळ. एकसारख्या पांढऱ्याशुभ्र तंबूंची रांग, मधोमध भलीमोठी कढई आणि पंगतीला बसलेले स्वार, हे ठरलेले. अशी सरकारी पंगत बहुतेकांच्या वाट्याला नव्हतीच. शिलेदार स्वतःचे घोडे नि हत्यार घेऊन येई; बरेच जण घरी शेती असलेले. दसऱ्यानंतर स्वारीला निघायचे, पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. निघताना नालबंदीची, म्हणजे स्वारीच्या तयारीची, आगाऊ रक्कम, पुढे रोजमुरा, म्हणजे खर्चापुरता ठरावीक पगार. त्यातून ज्वारी, डाळ, मीठ लष्कराच्या बाजारात विकत घ्यायचे आणि आपापल्या चुलीवर भाकरी थापायची. वंजाऱ्यांचे धान्याचे बैल अडले की भाव चढत, रोजमुरा मात्र तेवढाच, आणि तोही अनेकदा थकलेला.

तळाची जागा बिनीवाले, म्हणजे आघाडीची तुकडी, पुढे जाऊन धरत. आधी पाणी पाहायचे, मग सरदाराचे निशाण रोवायचे, त्याच्या अंदाजाने बाजाराच्या झेंड्या. मांडणी रोज तीच, म्हणून उशिरा पोचलेल्यालाही आपले पाल, म्हणजे राहुटी, सापडे.

खरी मेहनत घोड्याची. उतरल्यावर पोटाखालचा तंग ढिला करून खोगीर थोडा वेळ तसेच ठेवायचे. तापलेल्या पाठीवरून लगेच उतरवले तर सूज येते आणि दुसऱ्या मजलेत तिथेच जखम होते. मग खरारा, पाणी, आणि पाण्यानंतर तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी. कोरडा हरभरा आधी आणि वर पोटभर पाणी, असा क्रम झाला तर पोटशूळ उठतो. पुढे आगाडी, मागे पिछाडी, म्हणजे घोडा मेखांना बांधायचे दोर. पिछाडी करकचून बांधली तर पाय सोलवटतो, सैल सोडली तर शेजारच्या जनावराला लाथ बसते. भुसभुशीत जमिनीत मेख उपटली, की निम्मा तळ रात्रभर जागा!

लहान चणीच्या घोड्यालाही दिवसाला साधारण ३० लिटर पाणी आणि सहा-सात किलो सुकी वैरण लागते. १० हजार घोडी धरली तर तीन लाख लिटर पाणी आणि ६० टनांहून जास्त वैरण. तळ हलला नाही तर आसपासचे गवत संपते आणि वैरण आणणाऱ्या कहीला रोज आणखी लांब जावे लागते. पानिपतावर नोव्हेंबर १७६० पासून अडीच महिने मराठ्यांचा तळ एकाच जागी अडकला. डिसेंबरात पेशव्यांचे उत्तरेतील सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा मोठा आधार तुटला; वैरण-सरपणासाठी रात्री बाहेर पडलेल्यांना अब्दालीच्या गस्तीने कापून काढले. १४ जानेवारी १७६१ रोजी स्वार उपाशी होते, आणि घोडीही.

देखावा करणाऱ्यांनी कढईच्या जागी वाण्याची ताजवा-मापे, धान्याच्या गोणी आणि शेजारी जाते ठेवावे. खर्चही कमी येईल.

एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे