उसाच्या हंगामात पळताना

निपाणी,
मंगळवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गाडी कागलच्या पुढं गेल्याचा तुझा फोन आला, तेव्हा बाबा शेजारीच होते, म्हणून मी काही बोलले नाही. बोलले असते तर तुझ्या त्या पहाटेच्या पळण्यावरच बोलले असते.

दिवाळीत तू पहाटे उठून यमगर्णीच्या पुलापर्यंत पळून यायचीस. बाबांनी दूधवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय, आमची लेक वेदगंगेला जाऊन परत येते, तीही न थांबता. तुझ्यासमोर ते बोलायचे नाहीत.

मला मात्र तू दाराबाहेर पडलीस की उसाच्या ट्रॉल्याच दिसायला लागतात. कारखाने सुरू झालेत. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर, मागं ना दिवा ना लाल पट्टी. पुढची ट्रॉली गेली म्हणून माणूस रस्त्यावर येतं, आणि मागची झोल खात अंगावर येते. ड्रायव्हर रात्रभर कारखान्याच्या दारात नंबरला बसलेले, डोळ्यांत झोप. टेप एवढ्या मोठ्यानं लावलेला की आपण ओरडलो तरी त्यांना ऐकू जायचं नाही. आणि तुझ्या कानात ती बोंडं! अंगात काळे कपडे, साडेपाचचा अंधार, नदीकडं धुकं. उजव्या बाजूनं पळत जा, समोरून येणारं तरी दिसेल. पांढरा शर्ट घाल. एक कान मोकळा ठेव.

भाषण द्यायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. रागावू नकोस.

आजी असती तर तिनं तुला अडवलं नसतं. ती तंबाखूच्या वखारीला कामाला जायची ती याहून अंधारात निघायची. गल्लीतल्या बायका एकमेकींना हाका मारत निघायच्या, हातात भाकरीचं फडकं. घरी आली की लुगड्याला तंबाखूचा असा झणका असायचा की आम्हा पोरांना शिंका यायच्या. रात्री पुन्हा मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायची. शेवटी शेवटी तिला माडीच्या दोन पायऱ्या चढवत नव्हत्या, इतकी धाप. आणि तिची नात पुलापर्यंत जाऊन येते! परवा तू अंगणात बुटाची नाडी सोडत होतीस, तेव्हा मी तुझा श्वास ऐकत उभी होते. तुला वाटलं, चहाला बोलवायला आले.

आजोबाही याच हायवेवर आंदोलनाला बसले होते, 1981 ला, तंबाखूला भाव मिळावा म्हणून. गोळीबार झाला त्या दिवशी ते घरी येईपर्यंत आजी उंबऱ्यावरून हलली नव्हती. मी लहान होते, पण ते आठवतं.

पळताना डोकं मोकळं होतं, सगळा विचार तिथंच होतो, असं तू म्हणालीस. कसला विचार, ते मी विचारलं नाही. नोकरीचा असेल, नाहीतर त्या दुसऱ्या गोष्टीचा. तू ठरवशील ते ठरव, मी तुझ्या बाजूनं आहे. दादाचं बोलणं मनावर घेऊ नकोस. त्याला काळजी आहे, पण ती सांगायची कशी ते त्याला येत नाही. फक्त एवढंच, की विचारात बुडालेल्या माणसाला मागून आलेली ट्रॉली कळणार कशी? बघ, आले पुन्हा तिथंच.

पुढच्या वेळी हायवे सोड. तवंदी घाटाकडंही नको, तिथं वळणं आहेत. देवचंद कॉलेजच्या बाजूला जा. मी शिकत होते तेव्हा घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात, अर्जुननगरला. आम्ही मैत्रिणी रोज बोलत बोलत सीमा ओलांडायचो, आणि घरी येईपर्यंत बोलणं संपायचं नाही. तू म्हणशील तर मीही येईन. पळणार नाही, कडेला चालत राहीन. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

चकलीचा डबा आधी संपव, लाडू टिकतील. तिकडं पुण्यात तू पळतेस त्या रस्त्यावर ऊस नसेल, पण डंपर आणि पाण्याचे टँकर असतातच की. किती वाजता निघतेस, आणि सोबत कोण असतं, ते कळव.

तुझी,
आई