गाठीच्या मागचंही तुम्ही पाहिलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

माझा चेहरा तुम्हाला आठवणार नाही. डाव्या कानाचं सीटी स्कॅन आणि कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, एवढीच माझी ओळख.

कित्येक महिने आंघोळीनंतर त्या कानात पाणी अडून राहायचं. मळ असेल म्हणून थेंब घातले, पण कानाला बसलेला दडा सुटेना. मग तपासणीत आत कडक, पांढरट उंचवटा दिसला. त्याच्याआड पडदाही दिसत नव्हता. चिठ्ठीवर ‘गाठ’ लिहिलेलं वाचलं आणि घास घशाखाली उतरेनासा झाला. आमच्या घरी त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता.

स्कॅन काही मिनिटांत झालं. रिपोर्ट हातात ठेवून तुम्ही मला घरी पाठवू शकला असतात. तुम्ही मात्र आत बोलावलंत, खुर्ची दिलीत आणि स्क्रीन माझ्याकडे वळवलात.

कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. बाहेरचा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा, हे मला तेव्हा कळलं. हाड पांढरं, हवा काळी. त्या काळ्या वाटेत एक पांढरा मणी बारीक देठावर उभा होता, हाडांच्या सांध्याशी. “पोहता का? थंड पाण्यात?” तुम्ही विचारलंत. मी कधीच पोहले नव्हते. वर्षानुवर्षं गार पाण्यात उतरणाऱ्यांच्या कानात हाडाचे उंचवटे येतात, पण ते बहुधा दोन्ही कानांत, एकाहून जास्त आणि रुंद बुडाचे असतात, त्यांना एक्सोस्टोसिस म्हणतात, असं तुम्ही सांगितलंत. तरीही स्क्रीनवर उजवा कान उघडून पाहिलात. तो स्वच्छ होता. एकाच कानात, एकच, देठाची, म्हणजे हा ऑस्टिओमा वाटतो, साधी हाडाची वाढ.

तिथे थांबला असतात तरी मी तुमचे पाय धरले असते. पण तुम्ही स्कॅनमधला एकेक काप पुढे सरकवत गाठीच्या मागे गेलात. अशा अडथळ्यामागे कातडीचा कोंडा साचून कोलेस्टेटोमा होऊ शकतो आणि तो हाड पोखरतो, म्हणून. तिथे करडं काही दिसलं असतं तर एमआरआय करावा लागला असता. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत: मागे काळी हवा, पडद्याची बारीक रेघ, त्यापलीकडे कानातली इवलीशी हाडं, सगळं जागच्या जागी. कुठेही हाड झिजलेलं नाही. त्या काळ्या पट्टीकडे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही काही न बोलता थांबलात.

चेहऱ्याची नस कुठून जाते तेही तुम्ही रिपोर्टात लिहिलं होतंत. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जननी तुमचेच फोटो समोर लावले होते. गाठ निघाली. पॅथॉलॉजीतही ऑस्टिओमाच आला.

डॉक्टरांनी पाण्याची परवानगी दिल्यावर काल डोक्यावरून आंघोळ केली. कानात पाणी गेलं आणि आपसूक बाहेर आलं. ओल्या केसांनीच हे पत्र लिहायला बसले. मनापासून आभार.

तुमची एक पेशंट