चॅनेलला नाही म्हटलं त्याबद्दल

ती. आई-बाबांस शि. सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर काहीच बोलला नाहीत, पण आईनं सांगितलंच. एवढं मोठं चॅनेल आपणहून आलं आणि हिनं परत लावलं, हे तुम्हाला पटलेलं नाही. तोंडी समजावताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते आहे.

काम वाईट नव्हतं. मालिकेचा सगळा खर्च त्यांचा, वर आमचं ठरलेलं मार्जिन. अशा कमिशन्ड कामांवरच आमच्यासारख्या छोट्या स्वतंत्र कंपन्यांचे पगार निघतात. आम्हीही ती घेतो, पुढेही घेऊ. घोडं अडलं एका कलमापाशी. कल्पना आमची, संशोधन आमचं, पण हक्क सगळे त्यांचे. जगभरासाठी, कायमचे, 'आज असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत'. उद्या दुसऱ्या भाषेत डब केलं, परदेशात कोणी तसाच कार्यक्रम काढला, दुसरा सीझन भलत्याच कंपनीला दिला, तरी आम्हाला कोणी विचारणार नाही. आम्हाला घर भाड्यानं द्यायचं होतं, ते खरेदीखत घेऊन आले.

सगळीकडे असंच चालतं म्हणाल, तर तसं नाही. ब्रिटनमध्ये १९८२ साली चॅनेल फोर सुरू झालं तेच मुळी बाहेरच्या निर्मात्यांकडून कार्यक्रम घेण्यासाठी. १९९० च्या कायद्यानं स्वतंत्र निर्मात्यांसाठी २५ टक्क्यांचा वाटा राखून ठेवला. खरा फरक पडला तो २००३ च्या कायद्यानंतर: चॅनेलनं ठरावीक मुदतीचा परवाना घ्यायचा, बाकीचे हक्क निर्मात्याकडे. तिथल्या कंपन्या मग फॉरमॅट, म्हणजे कार्यक्रमाचा साचा, देशोदेशी विकून मोठ्या झाल्या. अमेरिकेत उलटं झालं. नेटवर्कना बाहेरच्यांच्या कार्यक्रमांत मालकी घेण्यापासून रोखणारे १९७० चे नियम नव्वदच्या दशकात उठले आणि नेटवर्क स्वतःचाच माल जास्त दाखवू लागली. हुशारी दोन्हीकडे होतीच, फरक कागदाचा होता.

आई, 'तू नक्की करतेस काय' हा तुझा जुना प्रश्न. बराचसा वेळ हेच, कागद! कॅमेऱ्यामागे मी क्वचितच असते. माहितीपटात एका आजींच्या लग्नाचा फोटो दोनच सेकंद दिसतो, पण त्यासाठी आजींची सही हवी, आणि फोटोग्राफरचे वारस कोण तेही शोधावं लागतं. एक जरी सही राहिली तरी विकत घेणाऱ्याचा वकील तिथेच थांबतो.

सध्या साउंड मिक्स चालू आहे. डबिंगसाठी संवाद वगळून फक्त संगीत आणि आवाजांचा वेगळा ट्रॅक द्यावा लागतो. गंमत अशी, की संवाद काढले की त्यांच्याबरोबर रेकॉर्ड झालेली पावलं, भांड्यांचे आवाज, दाराची कडी, सगळंच जातं. मग आमचा माणूस स्टुडिओत पडद्याकडे बघत कोल्हापुरी नाही, साधी जुनी चप्पल घालून चालतो, कडी सरकवतो. आजी उठून दारापर्यंत जातात तेवढ्या तुकड्यासाठी कालची अख्खी दुपार गेली. हा ट्रॅक खर्चिक आहे, पण हक्क हातात असतील तरच त्याचा उपयोग. नाहीतर तो दुसऱ्याच्या दुकानातला माल.

पैशाचं लपवत नाही. हे वर्ष ओढाताणीचं आहे. शेवटचा हप्ता क्यूसी, म्हणजे चित्र-आवाजाची तांत्रिक तपासणी, पास झाल्यावरच मिळतो आणि तोवर एडिटरचं भाडं थांबत नाही. जाहिरातपट आणि कंपन्यांचे माहितीपट करून तेवढी तूट भरतो आहोत. त्यात मन रमत नाही, पण पगार वेळेवर होतात.

एका डिजिटल प्लॅटफॉर्मशी बोलणं चाललं आहे. पैसे कमी देतात, पण परवाना पाच वर्षांचाच मागतात. मसुदा सोबत पाठवते. बाबा, मुदत संपल्यावर काय, ते कलम तुम्ही एकदा नीट वाचा. 'परस्पर संमतीनं वाढवता येईल' हे वाक्य वकिलांना चालतंय, मला खटकतंय.

तुमची लेक