केळीच्या पट्ट्यात संगणकासोबत प्रयोगशाळाही हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआयमुळे विषाणूंवरचे उपाय आता प्रयोगशाळेशिवाय सापडतील, अशा अर्थाची बातमी आपल्या अंकात वाचली. मी रावेर तालुक्यात जीवशास्त्र शिकवतो आणि घरी केळी लावतो. त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या मृगबागेतली (मृगाच्या सुमारास लावलेल्या केळीतली) तीनशेवर झाडं उपटून पुरावी लागली. रोग सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस या विषाणूचा; आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे उमटतात, मग पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो. एकदा लागला की औषध नाही. रोग पसरवणारी मावा कीड आवरायची आणि झाड काढायचं, एवढंच हातात.

या विषाणूचा सगळा आराखडा आरएनएत, म्हणजे डीएनएसारख्याच एका साखळी-रेणूत असतो. तो पेशीत शिरला की झाड त्या आरएनएचे बारीक तुकडे करतं आणि त्यांच्याच खुणेवरून विषाणू हुडकून कापत राहतं. पण विषाणूचं २बी नावाचं प्रथिन नेमके हेच तुकडे धरून ठेवतं आणि झाडाचा बचाव लंगडा पडतो. सगळी गोम या पकडीत आहे.

मे २०२४ मध्ये आलेलं अल्फाफोल्ड ३ हे एआय मॉडेल अशा पकडीचा अंदाज बांधतं. प्रथिनाचा आणि आरएनएचा क्रम (त्यांचे घटक कुठल्या ओळीने येतात ते) टाकायचा, थोड्या वेळात रचना पडद्यावर येते. वर्गात दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढे आली. पण त्या चित्रात काही भाग गडद निळा दिसतो, काही नारिंगी. नारिंगी म्हणजे तिथे खुद्द मशीनलाच भरवसा नाही. ते शिकलं प्रोटीन डेटा बँकेतल्या, म्हणजे प्रयोगांतून मिळालेल्या रचनांच्या संग्रहातल्या रचनांवरून. १९७१ पासून तिथे दोन लाखांवर रचना जमल्या, पण बहुतेक नुसत्या प्रथिनांच्या. आरएनएला धरून बसलेल्या प्रथिनांच्या फार थोड्या. त्यात आरएनए लवचिक, एका आकारात ठरत नाही. म्हणून संगणकाने दाखवलेल्या जागेवरचं एखादं अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) बदलून पकड खरंच सुटते का, हे प्रयोग करूनच पाहावं लागतं.

महाविद्यालयांत एआयचे वर्ग निघताहेत, चांगलंच आहे. पण त्याच निधीतून रावेर-यावलच्या बागांतल्या विषाणूचा क्रम काढण्याची आणि असे अंदाज तपासण्याची सोय जळगाव जिल्ह्यातच व्हावी, अशी कळकळीची विनंती आहे. येत्या पावसाळ्यात पिवळे पट्टे दिसतील त्याच दिवशी पान कापून आणायला माझे विद्यार्थी तयार आहेत. ते पान द्यायचं कुणाकडे, एवढं ठरावं.

आपला,
जीवशास्त्राचा एक शिक्षक, ता. रावेर, जि. जळगाव